हसू मोजताना

हिरड्यांच्या डॉक्टरकडे माणसं पूर्वी तीन तक्रारी घेऊन यायची. ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, नाहीतर दात हलायला लागलेत. आता चौथी तक्रार आली आहे आणि ती सांगण्याआधी माणसं मोबाईल काढतात. लग्नातला नाहीतर कॉलेजच्या गॅदरिंगमधला एखादा फोटो बोटांनी मोठा करून दाखवतात आणि म्हणतात, "मॅडम, हे बघा ना, हसले की सगळ्या हिरड्याच दिसतात."

माझा दवाखाना सांगलीत आहे. पेशंट तासगाव, विटा, जतकडून येतात, कुपवाडच्या एमआयडीसीतून येतात. मी शिकत होते तेव्हा हिरड्यांची कॉस्मेटिक सर्जरी हे पुण्या-मुंबईचं काम समजलं जायचं. गावाकडे दात दुखल्याशिवाय कोण येतंय, असं सीनियर म्हणायचे. आज दुखत काहीच नसलेली माणसं येतात. कुणी हसताना तोंडावर हात धरतं, कुणी पदर. काहींना ओठ मिटून हसायची इतकी सवय झालेली असते की "जरा मोकळं हसून दाखवा" म्हटलं तर जमतच नाही.

या शस्त्रक्रिया तशा नव्या नाहीत. हिरडी आणि तिच्या आसपासच्या मऊ भागावरच्या शस्त्रक्रियांना फ्रीडमन यांनी १९५७ साली 'म्युकोजिन्जायव्हल सर्जरी' असं नाव दिलं, आणि १९८८ साली मिलर यांनी त्यासाठी 'पेरिओडॉन्टल प्लास्टिक सर्जरी' हा शब्दप्रयोग सुचवला. या एका नावाखाली बरीच वेगवेगळी कामं येतात. जास्तीची हिरडी कापणं, खाली हाड असेल तर तेही कोरणं, काळसर हिरडीचा वरचा थर काढणं, टाळूतला तुकडा घेऊन उघड्या पडलेल्या मुळावर बसवणं, ओठाच्या आतल्या बाजूला टाके घेऊन ओठ जास्त वर जाऊ न देणं. पेशंटच्या लेखी हे सगळं 'हिरड्यांचं ऑपरेशन'. बऱ्याच जणांनी कुठला पर्याय हवा ते घरूनच ठरवलेलं असतं, बहुतेक वेळा लेझर. माझं पहिलं काम तो ठरलेला पर्याय बाजूला ठेवून कारण शोधायचं असतं.

त्यासाठी मी पेशंटला लगेच खुर्चीत आडवं करत नाही. समोर बसवते आणि इकडच्या तिकडच्या गप्पा काढते. फोटोसाठी काढलेलं हसू आणि भाच्याची खोडी सांगताना आलेलं हसू यांत ओठ सारखा वर जात नाही. मला दुसरं हसू बघायचं असतं. मोकळं हसताना वरच्या दातांच्या वर तीन मिलिमीटरहून जास्त हिरडी दिसत असेल, तर आमच्याकडे साधारणपणे त्याला 'गमी स्माईल' म्हणतात. पण ही नुसती खूण झाली, निदान नव्हे. मग मापं घेते. ओठ शांत असताना दात किती दिसतात, हसताना ओठ किती वर सरकतो, दाताची दिसणारी लांबी किती, रुंदी किती. वरचा ओठ हसताना साधारण सहा ते आठ मिलिमीटर वर जातो. काहींचा त्याहून बराच जास्त जातो. तसं असेल तर दोष हिरडीचा नसतो, ओठ उचलणारा स्नायू जरा उत्साही असतो इतकंच.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. पुढचे दात आखूड, चौकोनी. "दुधाचेच राहिलेत का गं, असं मैत्रिणी चिडवायच्या. आता वर्गातली पोरं माझी नक्कल करतात," असं त्यांनी हसत हसतच सांगितलं, हात तोंडावर ठेवून. समोरच्या दाताची दिसणारी लांबी जेमतेम साडेसात मिलिमीटर भरली. या दाताचा हिरडीबाहेरचा भाग साधारण दहा-अकरा मिलिमीटर असतो. मग उरलेले तीन मिलिमीटर गेले कुठे? प्रोब, म्हणजे खुणा केलेली बारीक बोथट सळई, हिरडीच्या कडेतून आत सरकवली, तर दाताची मान, जिथे इनॅमल संपतं ती जागा, बरीच वर लागली. दात पूर्ण लांबीचाच होता, हिरडीखाली झाकलेला. दात तोंडात आल्यावर हिरडीची कड हळूहळू मागे सरकून मानेजवळ स्थिरावते. काहींची ती सरकतच नाही. बाईंचं तसं झालं होतं.

अशा वेळी जास्तीची हिरडी कापून टाकली की झालं, असं कुणालाही वाटेल. बाईंनाही दुसरीकडे "लेझरनं अर्ध्या तासात होईल" असं सांगितलं होतं. मी भूल देऊन प्रोब हिरडीतून थेट हाडापर्यंत टेकवला. हाडाची कड दाताच्या मानेला जवळजवळ चिकटून होती. सगळं गणित इथे बदलतं. गार्ग्युलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली मृत व्यक्तींच्या जबड्यांवर मापं घेऊन दाखवलं होतं की हाडाच्या वर सरासरी १.०७ मिलिमीटर संयोजी ऊती आणि ०.९७ मिलिमीटर चिकटलेली त्वचा असते, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे दोन मिलिमीटर. त्याच्या वर हिरडी आणि दात यांमधली उथळ खाच. म्हणून आम्ही ढोबळमानानं धरतो की हिरडीच्या कडेपासून हाडापर्यंत तीन मिलिमीटर जागा लागतेच. ती ठेवली नाही तर शरीर आपल्या पद्धतीनं ती परत मिळवतं. कापलेली हिरडी काही महिन्यांत पुन्हा वाढते, नाहीतर कायम लाल, सुजलेली राहते. पलंगपोस कितीही नीट कापला तरी गादीचा उंचवटा गादीलाच असतो.

म्हणून बाईंचं हाडही कोरावं लागलं. या कामातली एक गोष्ट पेशंटना ठाऊक नसते. भूल दिली की ओठ जड होतो, आणि त्या वेळी "हसून दाखवा" म्हणण्यात काही अर्थ नसतो. त्यामुळे कड कुठे आणायची, हे सुई टोचण्याआधी ठरलेलं असावं लागतं. फोटोंवर रेघा मारून मी ते आदल्या दिवशीच ठरवते. समोरचे दोन दात आणि सुळे यांच्या हिरडीची कड साधारण एका रेषेत, मधल्या छोट्या दाताची कड त्याहून किंचित खाली. समोरच्या दातावर हिरडीच्या कमानीचं टोकही बरोबर मध्यावर नसतं, ते सुळ्याच्या बाजूला जरासं कललेलं असतं. सगळ्या कमानी एकसारख्या कापल्या तर हसू कवळीसारखं दिसतं.

ऑपरेशनच्या दिवशी प्रोबनं प्रत्येक दातावर रक्ताचे बारीक ठिपके काढले. ते जोडत पंधरा नंबरच्या ब्लेडनं, पातं तिरकं धरून काप घेतला. कापलेली हिरडी दाताभोवतीच्या अरुंद पट्टीसारखी सुटून येते. मग उरलेली हिरडी अलगद उचलली, सलाईनची धार सोडत ड्रिलच्या गोल टोकानं, म्हणजे बरनं, हाडाची कड मागे नेली आणि शेवटचा पातळ थर हातानं, छोट्या चिझलनं काढला. दाताच्या अगदी लगत बर नेत नाही, मुळावर चर पडला तर तो भरून येत नाही. दर थोड्या वेळानं मोजायचं, मानेपासून हाडापर्यंत. मग हिरडी पुन्हा बसवून टाके. टाके काढायला आल्या तेव्हा बाईंनी आरसा मागितला. मी दिला, पण बजावलं, "आज दिसतंय ते अजून पक्कं नाही." वरून जखम भरलेली दिसते एक-दोन आठवड्यांत, पण पुढच्या दातांवर कड पक्की व्हायला तीन ते सहा महिने लागतात. कॅप नाहीतर व्हिनिअर बसवायचे असतील, तर त्याआधी घाई करून चालत नाही.

या बाईंचं कारण हिरडीत होतं, म्हणून हिरडीवरचा इलाज चालला. बऱ्याच जणांचं तसं नसतं. दातांची लांबी अगदी बरोबर, हिरडीची कड मानेवर, तरी हसताना पाच-सहा मिलिमीटर हिरडी दिसते. तिथे वरचा जबडाच उभ्या दिशेनं जास्त वाढलेला असतो. अशा पेशंटची हिरडी कापली तर मुळं उघडी पडतात, थंड पाणी प्यायलं की कळ जाते, आणि हसू तेवढंच राहतं. तिथे इलाज माझ्या हातात नसतो. आधी तारा लावणारे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि मग जबड्याचे सर्जन, जे वरचा जबडा आडवा कापून वर सरकवतात. पूर्ण भूल, हॉस्पिटलात मुक्काम, चेहऱ्यावर सूज. हे ऐकून बहुतेक जण विचार करून सांगतो म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

ओठ जास्त वर जात असेल तर दोन वाटा आहेत. एक बोटॉक्स. ओठ उचलणाऱ्या स्नायूंत अगदी थोडं औषध टोचलं की त्यांची ओढ कमी होते. परिणाम दिसायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात आणि तीन ते सहा महिन्यांत तो ओसरतो. लग्नाच्या फोटोंपुरतं हवं असलेल्यांना ते पुरतं. कायमचं हवं असणाऱ्यांना दरवेळी सुई आणि दरवेळी बिल. दुसरी वाट ओठाच्या आतल्या बाजूची पट्टी काढून टाके घेण्याची. १९७३ साली ती प्लास्टिक सर्जरीत मांडली गेली आणि पुढे दंतवैद्यांनी उचलली. तिच्यात ओठ पुन्हा पूर्वीसारखा वर जाऊ लागण्याची शक्यता राहते, हे मी आधीच सांगते. आणखी एक गोष्ट मी विशेषतः विशी-बाविशीच्या मुलींना सांगते. वयानुसार वरचा ओठ खाली उतरत जातो. व्हिग आणि ब्रुंडो यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिशीच्या आतल्यांचे वरचे पुढचे दात ओठ शांत असताना सरासरी ३.३७ मिलिमीटर दिसत होते, आणि साठीपुढे ते जवळजवळ दिसेनासे झाले होते. आज ज्या हिरडीचा तुला राग येतो, ती आपल्या आपण थोडी झाकत जाणार आहे. हे ऐकून एखादी हसते आणि नेमकी तेव्हाच मला तिचं खरं माप मिळतं.

सगळ्यात अवघड बोलणं होतं ते काळ्या हिरड्यांवर. आपल्याकडे हिरडी गुलाबीच असते असा समज जाहिरातींनी पसरवला आहे. हिरडीच्या त्वचेच्या सगळ्यात खालच्या थरात मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या जास्त काम करतात तिथे हिरडी तपकिरी, काळपट दिसते. तो आजार नाही. सिगारेट-बिडीनं रंग गडद होतो, पण कधी धूर न घेतलेल्यांच्याही हिरड्या काळ्या असतात. आई-बाबांच्या हिरड्या बघितल्या की उत्तर तिथेच मिळतं. रंग काढायचं ऑपरेशन तसं सोपं आहे. भूल देऊन वरचा थर ब्लेडनं खरवडायचा नाहीतर डायोड लेझरनं जाळायचा, काही दिवस झणझणतं, नवी त्वचा गुलाबी येते. हिरडी पातळ असेल तर जास्त खोल जाऊन चालत नाही, खाली लगेच हाड असतं. आणि शेजारच्या भागातल्या पेशी पुन्हा आत सरकल्या की रंग परततो, कुणाचा काही महिन्यांत, कुणाचा काही वर्षांनी.

या कामासाठी मुलीपेक्षा आई जास्त बोलते असा माझा अनुभव. "मॅडम, स्थळं बघायला सुरुवात केलीय. रंग तर उजळ आहे हिचा, पण हसली की..." आणि वाक्य अर्धवट सोडून देतात. मी आईंना बाहेर बसायला सांगते आणि मुलीला विचारते, तुला काय वाटतं. एकीनं सांगितलं, "मला आजवर कधी दिसलंच नव्हतं. आईनं दाखवलं तेव्हापासून आरशात तेवढंच दिसतंय." तिच्या आईंना मी बाहेर जाऊन सांगितलं की हिरड्या निरोगी आहेत, काहीही करायची गरज नाही. त्या नाराज होऊन गेल्या. बहुधा दुसरीकडे करूनही घेतलं असेल. आणखी एक मुलगी मात्र एकटीच आली. आपल्या पगारातून पैसे साठवून आलेली. तिला सगळं सांगितलं, हे नैसर्गिक आहे, परत येऊ शकतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माहितीय मॅडम. तरी करायचंय." मी केलं. ही इच्छा नेमकी कुठून आली, हे शोधत बसायचा अधिकार मला नाही. ज्याच्या तोंडात ब्लेड जाणार आहे, होकार त्याचा आहे ना, एवढं बघणं माझ्या हातात आहे. या दोन मुलींमधली रेघ मला दरवेळी स्वच्छ दिसते असंही नाही.

हिरडी जास्त असलेल्यांइतकेच हिरडी उतरलेलेही येतात. जोरजोरात आडवा ब्रश घासणारे तरुण, वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या बायका. सुळ्याचं मूळ उघडं पडतं, दात एकाएकी लांब दिसायला लागतो. कुपवाडच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका इंजिनिअरचा असाच एक दात होता. शेजारच्या दातांमधली टोकेरी हिरडी आणि हाड शाबूत होतं, त्यामुळे मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा चांगली होती. टाळूत सुळ्यापासून पहिल्या दाढेपर्यंतच्या भागात, आतून दीडेक मिलिमीटर जाडीचा तुकडा काढायचा, तो मुळावर बसवायचा आणि त्यावर हिरडी खाली ओढून बारीक टाके घ्यायचे. ही पद्धत लँगर आणि लँगर यांनी १९८५ साली मांडली आणि आजही मुळं झाकण्यात तिच्यावर सर्वांत जास्त भरवसा ठेवला जातो. टाळूत मोठी रक्तवाहिनी असते, तिच्या जवळ जायचं नाही हे हाताला शिकवावं लागतं. नंतर त्या दाताला दोन आठवडे ब्रश लावायचा नाही, क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या करायच्या. त्या गुळण्यांनी दातांवर तपकिरी डाग पडतात, चहा जास्त घेणाऱ्यांच्या तर हमखास, पण ते नंतर साफ होतात. इंजिनिअरना मी नवा मऊ ब्रश दिला आणि घासायची पद्धत त्यांच्याच हातानं करून घेतली. ते न सुधारता कलम लावलं असतं तर पुन्हा तिथेच आलो असतो.

जतच्या एका काकूंना मात्र मला नाही म्हणावं लागलं. मिश्रीनं आणि हिरड्यांच्या जुन्या आजारानं दातांमधलं हाड गेलं होतं, पुढच्या दातांच्या मध्ये काळे त्रिकोण दिसत होते. "सुनेच्या ओळखीत एकीचं झालंय, माझं का नाही?" त्यांचा प्रश्न रास्त होता. टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवलं की दात एकमेकांना जिथे टेकतात तिथपासून हाडापर्यंत अंतर पाच मिलिमीटर किंवा कमी असेल, तर मधली हिरडी जवळजवळ नेहमी जागा भरते. सहा झालं की निम्म्याहून थोडी जास्त ठिकाणी, आणि सात झालं की चौथ्या हिश्श्याच्या आसपास. काकूंच्या दातांत अंतर त्याहून जास्त होतं. ते सगळे आकडे मी त्यांना सांगितले नाहीत. एक्स-रे उजेडासमोर धरून हाड कुठे असायला हवं आणि कुठे आहे ते बोटानं दाखवलं. मग हिरड्यांचा आजार थांबवणं, मिश्री सोडणं आणि मधले त्रिकोण डेंटल फिलिंगनं थोडे झाकणं एवढ्यावर आम्ही आलो. मिश्री सोडायला त्यांना फार वेळ लागला.

एखादा पेशंट हसू सुधारायला येतो आणि त्याचं मूळ औषधांच्या चिठ्ठीत सापडतं. मार्केट यार्डातले एक हळदीचे व्यापारी हिरड्या फुगून दातांवर आल्या म्हणून आले. "कापून टाका, फार विचित्र दिसतंय," एवढंच म्हणणं. गोळ्या कुठल्या घेता विचारलं तर खिशातून पाकीट काढलं, रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन. या वर्गातल्या गोळ्यांनी, फिट्सच्या फेनिटॉइननं आणि किडनी बसवलेल्यांना देतात त्या सायक्लोस्पोरिननं हिरड्या वाढू शकतात. फेनिटॉइन १९३८ साली वापरात आलं आणि वर्षभरातच ही तक्रार नोंदवली गेली. मी त्यांच्या फिजिशियनना चिठ्ठी लिहिली, त्यांनी दुसऱ्या वर्गातली गोळी दिली. इकडे दातांवरचा थर साफ केला, कारण कीटण असलं की औषधाचा परिणाम जास्त दिसतो. काही महिन्यांत हिरड्या इतक्या ओसरल्या की कापायला एखाद-दोन ठिकाणंच उरली. आपण होऊन गोळी बंद करू नका, हे मात्र मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. हिरड्यांसाठी रक्तदाब वाढवून घ्यायचा नसतो.

लेझरबद्दल रोज विचारणा होते. लेझर चांगलं हत्यार आहे. रक्त कमी, टाके कमी, काळी हिरडी आणि थोडीशी मऊ हिरडी काढायला सोयीचं. पण मऊ हिरडीवर चालणारं डायोड लेझर हाड कोरत नाही, आणि त्यानं हाड जास्त तापलं तर नुकसानच होतं. ब्लेड की लेझर हा प्रश्न कारण कळल्यावरचा आहे. दवाखान्याच्या पाटीवर मात्र तो आधी लिहिलेला असतो.

म्हणून कुणी फोनवर "हिरड्या कमी करायला किती खर्च येईल" विचारलं की मी आकडा सांगत नाही. जिथे जाल तिथे तीन गोष्टी विचारा, एवढं सांगते. माझ्या हिरड्या जास्त दिसतात त्याचं कारण हिरडी, दात, ओठ की जबडा? माझं हाड हिरडीच्या कडेपासून किती अंतरावर आहे? आणि आज केलेलं वर्षभरानं कसं दिसेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कुणालाही नुसतं बघून देता येत नाहीत. समोरच्या डॉक्टरनं प्रोब हातात न घेता, मापं न काढता ती दिली, तर तपासणीची फी देऊन उठा आणि दुसरीकडे दाखवा.